गाडीच्या दुरुस्तीचं एस्टिमेट फुगवलंय असं वाटतंय? सही करायच्या आधी हे वाचा

एस्टिमेट मोठं आलं म्हणजे ते खोटंच आहे असं नाही, आणि छोटं आलं म्हणजे मेकॅनिक देवमाणूस आहे असंही नाही. प्रश्न एवढाच असतो की त्या कागदावरची प्रत्येक ओळ तिथं का आली आणि ते तुम्हाला कुणी दाखवू शकतं का. मी गाडीतला इंजिनिअर वगैरे नाही, पण बऱ्याच गॅरेजांचे बाक झिजवलेत आणि आता नातेवाईकांपैकी कुणाचीही गाडी बिघडली की पहिला फोन मलाच येतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून टाकू, विशेषतः ज्यांनी पहिलीच गाडी घेतलीय आणि बॉनेट उघडलं की ज्यांना सगळं एकसारखंच दिसतं त्यांच्यासाठी.

आधी एक समजून घ्या, एस्टिमेट फुगतं ते दर वेळी लबाडीनंच असं नाही. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये तुमच्याशी बोलणारा सर्व्हिस ॲडव्हायझर गाडीला हात लावत नाही, त्याला बरेचदा विकलेल्या कामावर इन्सेन्टिव्ह असतो. दुसरा प्रकार म्हणजे मेकॅनिकला दोष सापडलेला नसतो, मग तो 'आधी हे बदलून बघू, मग ते' करत जातो आणि त्याच्या अंदाजाचे पैसे तुम्ही भरता. तिसरा म्हणजे भीती, गाडी परत तक्रार घेऊन येऊ नये म्हणून सरसकट सगळंच नवीन टाकायचं. या तिघांशी बोलायची पद्धत वेगळी असते पण पुरावा मागितला की तिन्ही ठिकाणी चित्र बऱ्यापैकी साफ होतं.

जवळ काय ठेवायचं

- गाडीचं ओनर्स मॅन्युअल, त्यातलं मेंटेनन्स शेड्यूलचं पान (फोनमध्ये फोटो काढून ठेवा, गॅरेजमध्ये उभं राहून पानं चाळत बसायला वेळ नसतो)
- जुनी बिलं आणि जॉब कार्डं (गाडी आत घेताना गॅरेज तक्रार आणि काम लिहितं तो कागद), तारीख आणि किलोमीटरसकट
- वॉरंटीचे कागद, एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर त्यात काय येतं काय नाही ते पान
- चॅसिस नंबरचा फोटो. आजकालच्या गाड्यांना तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि बरोबर पार्ट नंबर त्याच्यावरूनच निघतो
- एक साधा डिजिटल मल्टीमीटर, टॉर्च, टायरच्या नक्षीची खोली मोजायचं गेज
- जमलं तर फोनला जोडता येणारा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरनं साठवलेले दोषांचे कोड वाचायचं यंत्र)

गॅरेजला जायच्या आधी कंपनीच्या वेबसाइटवर चॅसिस नंबर टाकून गाडीवर एखादा रिकॉल (म्हणजे बनवतानाच राहिलेल्या दोषासाठी कंपनीनंच गाड्या परत बोलावणं) आहे का ते बघून घ्या. रिकॉलचं काम कंपनी फुकट करून देते, आणि त्याच कामाचे पैसे देऊन मोकळे झालेले लोक मी बघितलेत.

१. लक्षण सांगा, पार्टचं नाव सांगू नका

ही सगळ्यात जास्त लोकांची गडबड होते ती जागा. आपण जाऊन सांगतो 'शॉकअप बदलायचेत'. मेकॅनिक बदलतो, बिल होतं, खडखड तशीच. आता वाद घालायला तोंड राहत नाही कारण जॉब कार्डवर लिहिलेलं असतं 'कस्टमरच्या सांगण्यावरून शॉकअप बदलले'. खराब तर लिंक रॉड होता, तो छोटासा भाग.

त्यापेक्षा असं सांगा: 'सकाळी गाडी थंड असताना, हळू स्पीडला, स्पीडब्रेकर उतरताना पुढून डाव्या बाजूने ठक आवाज येतो, सरळ रस्त्याला येत नाही.' कधी, कुठून, किती स्पीडला, गाडी थंड असताना की गरम झाल्यावर, ब्रेक दाबल्यावर की स्टिअरिंग वळवल्यावर, एवढं सांगितलं तरी चांगला मेकॅनिक निम्मं निदान तिथंच करतो. आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा कारण गॅरेजमध्ये गेल्यावर तो हमखास गायब होतो. आणि जॉब कार्डवर हेच वाक्य लिहून घ्या, 'जनरल चेकअप' असं मोघम काही लिहू देऊ नका, त्याखाली काहीही बसतं.

कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या जॉब कार्डवर सही करायची नाही. घाईत असलात तरी नाही.

२. एस्टिमेट ओळ-ओळ सोडवून घ्या

'ब्रेकचं काम' असं लिहून समोर एकच आकडा असेल तर ते एस्टिमेट धरूच नका. प्रत्येक कामासमोर पार्टचं नाव, पार्ट नंबर, पार्टची किंमत, लेबर आणि टॅक्स वेगवेगळं पाहिजे.

पार्ट कुठला टाकणार ते विचारा, कारण खरा फरक इथंच पडतो. एक असतो गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. दुसरा असतो तोच पार्ट मुळात बनवणाऱ्या उत्पादकाच्या स्वतःच्या डब्यातला, गाडीच्या कंपनीच्या नावाशिवाय, जो बहुतेक वेळा तसाच असतो आणि स्वस्त पडतो. तिसरा आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या कंपनीनं बनवलेला, त्यात चांगले पण आहेत आणि कचरा पण. चौथा रिकंडिशन केलेला, म्हणजे जुनाच पार्ट दुरुस्त करून परत विकलेला, अल्टरनेटर स्टार्टरसारख्या गोष्टींत हा बरा पर्याय असतो. आणि पाचवा डुप्लिकेट, म्हणजे डबा ओरिजिनलचा आणि आत भलतंच. माझं मत विचाराल तर ब्रेक, स्टिअरिंग आणि टायमिंग बेल्टमध्ये काटकसर करू नका, आरशाचं कव्हर किंवा वायपरमध्ये खुशाल करा.

लेबरमध्ये एक गंमत असते ती बघा. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक कामाला ठरलेले तास असतात आणि बिल त्या तासांवर लागतं, प्रत्यक्षात काम लवकर झालं तरी तेवढंच. ठीक आहे, ती पद्धत आहे. पण दोन कामांची खोलाखोली एकच असेल तर लेबर दोनदा लागता कामा नये. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि इंजिनच्या मागच्या बाजूचं क्रँक ऑइल सील बदलायलाही तोच उतरवावा लागतो. बऱ्याच इंजिनांत टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपाचं तसंच आहे. एस्टिमेटमध्ये दोन्हीला पूर्ण लेबर दिसलं तर शांतपणे विचारा, 'एकदा खोलल्यावर दुसऱ्यांदा खोलायचे पैसे कसे लागलेत?'

याची दुसरी बाजू पण लक्षात ठेवा. गिअरबॉक्स खाली आहेच तर क्लच प्लेटसोबत रिलीज बेअरिंग पण बदलून घ्या असं मेकॅनिक म्हणत असेल तर तो लुटत नाहीये, तो तुमचं पुढचं लेबर वाचवतोय. प्रत्येक जादा ओळ चोरीची नसते.

३. मोजमाप मागा, 'खराब झालंय' चालणार नाही

गाडीतल्या बऱ्याच गोष्टी मोजता येतात किंवा डोळ्यांनी दिसतात, त्यामुळे 'दाखवाल का जरा' हे वाक्य लाजू नका, बिनधास्त वापरा.

ब्रेक पॅड: नवीन पॅडचा घासला जाणारा थर साधारण १० ते १२ मिमी असतो, ३ मिमीच्या आसपास आला की बदलायचा. ६ मिमी शिल्लक असताना 'अर्जंट' म्हणत असतील तर घाई कुणाला आहे ते कळलं. पॅड एका बाजूचा बदलत नाहीत, पुढची दोन्ही चाकं किंवा मागची दोन्ही, अशी जोडी लागते, तिथं हुज्जत नको.

ब्रेक डिस्क: डिस्कवरच बहुतेक वेळा किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्निअर किंवा मायक्रोमीटर लावून जाडी दाखवा म्हणायचं. कडेला थोडी धार आली, वरवर गंज दिसला, एवढ्यावर डिस्क जात नाही.

टायर: नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, ती झीज दाखवणारी खूण. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिमी उरली, टायर संपला. पावसापाण्यात त्याच्या आधीच बदललेला बरा.

शॉकअप: तेल गळून खाली ओघळ आला असेल तर गेला. नुसता ओलसरपणा किंवा धुळीचा थर म्हणजे लगेच गेला असं नाही, आणि शॉकअपवर बाहेरून तेल मारून दाखवायचा प्रकारही होतो. शंका आली तर फडक्यानं कोरडा पुसा, थोडे दिवस गाडी चालवा, परत बघा. खरंच गळत असेल तर परत ओला होईल.

इंजिन ऑइल: पट्टी काढून 'बघा किती काळं झालंय' हा जुना खेळ. डिझेल गाडीत नवीन ऑइल पण लवकर काळं पडतं, रंग हा काही पुरावा नाही. किलोमीटर आणि महिने बघा, मॅन्युअलमध्ये लिहिलेत. ब्रेक ऑइलचं मात्र वेगळं आहे, ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो, म्हणून बऱ्याच कंपन्या साधारण दर २ वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी कमी चालली असली तरी. ते सुचवलं तर नाक मुरडू नका.

बॅटरी आणि अल्टरनेटर: इथं मल्टीमीटर कामाला येतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल चार्ज, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. गाडी चालू केल्यावर साधारण १३.७ ते १४.७ दिसलं तर अल्टरनेटर चार्ज करतोय. (नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे एकाच आकड्यावर निकाल लावू नका.)

माझ्या एका मित्राला अल्टरनेटर गेलाय म्हणून एस्टिमेट दिलेलं, शिवाय नवीन बॅटरी पण टाका म्हणाले. लाइट मंद व्हायचे, सेल मारला की कट्ट व्हायचं आणि बास. गाडी ढकलस्टार्ट करून मल्टीमीटर थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर लावला तर १२ च्या वर कसाबसा, आणि तेच लाल टोक अल्टरनेटरच्या आउटपुटच्या नटावर ठेवलं तर १४.५. म्हणजे अल्टरनेटर वीज बनवतोय पण ती बॅटरीत पोचतच नाहीये. प्लस टर्मिनलच्या क्लॅम्पखाली पांढरी-हिरवट पावडर साठलेली. गाडी बंद करून आधी मायनस मग प्लस काढला, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुतलं, वायर ब्रशनं धातू चमकेपर्यंत घासलं, आधी प्लस मग मायनस लावून आवळलं. बॅटरी तीच, अल्टरनेटर तोच, गाडी अजून पळतेय. प्रत्येक वेळी एवढ्यावर सुटेल असं नाही, पण पार्ट बदलायच्या आधी मोजलं का हा प्रश्न विचारायचाच.

४. चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून घाबरून सही करू नका

डॅशबोर्डच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. स्कॅनर लावला की कोड निघतो. हा कोड कुठे बघायचं ते सांगतो, काय बदलायचं ते नाही, आणि फुगवलेल्या एस्टिमेटचा मोठा कारखाना नेमका इथंच चालतो.

उदाहरणार्थ पी०४२० आला तर अर्थ एवढाच की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला, धूर कमी विषारी करणारा भाग) अपेक्षेइतकं काम करत नाहीये असं कॉम्प्युटरला वाटतंय. कन्व्हर्टर महाग असतो, एस्टिमेट लगेच तयार होतं. पण एक्झॉस्टमध्ये लीकेज असेल, ऑक्सिजन सेन्सर चुकीचं रीडिंग देत असेल, इंजिन मिसफायर होत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसेल, तरी हाच कोड येऊ शकतो. 'कन्व्हर्टर सोडून बाकी काय काय तपासलं?' विचारा.

मिसफायरची एक टेस्ट तर इतकी सोपी आहे की न करायला कारणच नाही. पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर मिसफायर. ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी इग्निशन कॉइल आहे तिथं एक नंबरची कॉइल दोन नंबरवर आणि दोनची एकवर लावायची, कोड पुसायचा, गाडी चालवायची. आता पी०३०२ आला तर कॉइलच खराब, एक कॉइल बदला, विषय संपला. कोड एकवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं पुढं जायचं. चारही कॉइल, चारही प्लग आणि इंजेक्टर क्लीनिंग असं एकत्र एस्टिमेट आलं की समजायचं टेस्ट झालेली नाही.

कोडचा फोटो काढल्याशिवाय कुणालाही तो पुसू देऊ नका. कोडसोबत दोष आला त्या क्षणाचा डेटा पण साठलेला असतो, पुसला की तो पण जातो आणि पुढच्या मेकॅनिकला शून्यापासून सुरुवात.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. म्हणजे मिसफायर जोरात चालू आहे, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खरोखरच जळू शकतो, गाडी पळवू नका.

५. कामं तीन ढिगांत टाकून घ्या

मेकॅनिकला सरळ विचारा: यातलं काय आज न केल्यास धोका आहे, काही महिन्यांत काय करावं लागेल, आणि नुसतं लक्ष ठेवायचं काय?

ब्रेक, स्टिअरिंग, संपलेले टायर, तापणारं इंजिन, ऑइल प्रेशरचा लाल दिवा, पेट्रोल गळती, हे आजचं, आणि यातल्या काही गोष्टींत गाडी चालवत गॅरेजला पण नेऊ नये, उचलून न्यावी. इंजिनवर तेलाचा ओलसरपणा आहे पण खाली थेंब पडत नाही, ते लक्ष ठेवायचं. एसीचा केबिन फिल्टर तर बहुतेक गाड्यांत तुम्ही स्वतः ग्लोव्ह बॉक्स काढून बदलू शकता. इंजिन फ्लश, टाकीत टाकायच्या औषधाच्या बाटल्या, अंडरबॉडी कोटिंग, एसी सुगंधी ट्रीटमेंट, हे मॅन्युअलच्या शेड्यूलमध्ये दिसतंय का बघा, नसेल तर 'नको' म्हणून पुढं चला.

जो माणूस तीन ढीग करून द्यायला तयार नाही, सगळंच आजच म्हणतो, त्याच्याकडून निघायची वेळ झालीय.

६. दुसरं मत घ्या, पण पहिला कागद खिशात ठेवून

दुसऱ्या गॅरेजला पहिलं एस्टिमेट दाखवलं की तो काय करतो, त्यातून थोडं कमी करून देतो. निदान तेच राहतं, चुकीचं असलं तरी. फक्त लक्षण सांगा आणि तपासणीचे पैसे देतो म्हणा. फुकट चेकअपची वसुली कुठून तरी होतेच, पैसे देऊन केलेली तपासणी बहुतेकदा स्वस्त पडते. 'मी आज काम करणार नाहीये, फक्त निदान हवंय' हे आधीच सांगितलं की समोरच्याचा सूर पण बदलतो.

दोन एस्टिमेटची तुलना करताना पार्टचा प्रकार एकच आहे का, टॅक्स धरलाय का, सस्पेन्शनचं काम असेल तर अलाइनमेंट त्यात आहे का, एवढं जुळवून मग आकडे बघा.

७. बोलायचं कसं

भांडून काही मिळत नाही. मी 'हे काम मी समजून घेऊनच करणार' असं सुरुवातीलाच हसत सांगतो. नंतर मेसेजवर लिहून पाठवतो: अमुक रकमेच्या वर जायचं असेल तर आधी फोन आणि फोटो, मी हो म्हटल्याशिवाय काम नाही, जुने पार्ट मला परत हवेत. फोनवर झालेलं बोलणं पण नंतर मेसेजमध्ये टाकायचं, 'आत्ता बोलल्याप्रमाणे...' करून.

'खोलल्यावरच कळेल' हे कधी कधी खरं असतं, गिअरबॉक्स किंवा इंजिनच्या आतलं बाहेरून कुणाला दिसत नाही. पण मग खोलायचे किती आणि काम नाही केलं तर परत जोडून द्यायचे किती, हे आधी ठरवा. नाहीतर गाडी पार्ट पार्ट होऊन पडलेली असते आणि तुमच्या हातात काही राहत नाही, मग तो सांगेल तो आकडा.

'साहेब, फॅमिलीला घेऊन फिरता, रिस्क कशाला' हे वाक्य ऐकलं की मी तरी जास्त सावध होतो. खरंच धोका असेल तर तो दाखवता येतो.

८. चांगला मेकॅनिक गाडी चांगली असताना शोधा

बंद पडलेल्या गाडीसोबत रस्त्याच्या कडेला उभं असताना माणूस पारखता येत नाही.

टॅक्सीवाल्यांना विचारा, त्यांची गाडी उभी राहिली की कमाई थांबते, ते उगाच कुठं जात नाहीत. स्पेअर पार्टच्या दुकानदाराला विचारा, कोण ओरिजिनल नेतं आणि कोण 'सगळ्यात स्वस्त दे' म्हणतं हे त्याला पक्कं माहीत असतं, फक्त दुकानात गर्दी नसताना विचारा. तुमच्याच मॉडेलची जुनी गाडी वापरणाऱ्यांना विचारा. ऑनलाइन रिव्ह्यू बघायचे तर पाच स्टारवाले सोडून मधले वाचा, आणि तक्रारीला मालकानं काय उत्तर दिलंय ते वाचा.

मग छोटं काम घेऊन जा, ऑइल बदलणं वगैरे. जायच्या आधी स्वतः किंवा दुसरीकडून ब्रेक पॅड, टायर, बॅटरी मोजून ठेवा. तिथं गेल्यावर 'बाकी पण जरा बघा' म्हणा आणि गप्प बसा. आठ मिमीचे पॅड संपलेत म्हणाला तर चहापाण्याला पण थांबू नका. 'पॅड बरेच आहेत, पुढच्या सर्व्हिसला बघू' म्हणाला तर नंबर सेव्ह करा.

आणखी एक, एकाच माणसाला सगळं येत नसतं. वायरिंग, एसी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांचे कारागीर वेगळे असतात. 'हे माझं काम नाही, अमक्याकडे जा' म्हणणारा मेकॅनिक सोन्यासारखा, त्याला सोडू नका. आणि असा माणूस मिळाला की दर बिलाला घासाघीस करू नका, त्याचं लेबर रास्त असेल तर द्या.

९. गाडी ताब्यात घेताना

पैसे द्यायच्या आधी मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मारा, ज्या रस्त्याला आवाज यायचा त्याच रस्त्याला. बिल आणि एस्टिमेट शेजारी ठेवून ओळी जुळवा, नवीन ओळ दिसली तर तिला तुमचा होकार मेसेजमध्ये आहे का बघा. जुने पार्ट बघा, नव्या पार्टचे रिकामे डबे पण मागा, डब्यावरचा नंबर बिलाशी जुळला पाहिजे. काही पार्ट बदल्यात जमा करावे लागतात, रिकंडिशनवाले विशेषतः, तिथं निदान फोटो काढून घ्या. पार्टची आणि लेबरची वॉरंटी किती, ते बिलावर लिहून घ्या, तोंडी वॉरंटी म्हणजे काही नाही.

बिलात काहीतरी गडबड आहे आणि गॅरेज ऐकत नाहीये असं झालं तर आधी मॅनेजरला लेखी, मग कंपनीच्या कस्टमर केअरला, मग ग्राहक तक्रार यंत्रणेकडे, या क्रमानं जा. तिथं तुमचा राग कुणी वाचत नाही, जॉब कार्ड, मेसेज, फोटो आणि दुसऱ्या गॅरेजचं लेखी निदान वाचतात.

आणि चाकं काढली गेली असतील तर ८०-१०० किलोमीटर चालल्यावर व्हील नट एकदा परत आवळून तपासून घ्या, बहुतेक गॅरेज हे फुकट करून देतात पण स्वतःहून आठवण कुणी करत नाही.